आवडीनिवडींची वही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सात वर्षं मी नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या माणसांच्या आवडीनिवडी एका वहीत लिहून ठेवते आहे. त्या माणसांबद्दलच्या, घरातही फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टीही त्या वहीत असतात. लग्नकार्यात, गणपतीत, हळदीकुंकवाला कुणी ना कुणी या वहीबद्दल विचारतं. काहींनी आपापल्या घरी अशा वह्या सुरूही केल्या आणि अडलं की फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

ही वही म्हणजे नेमकं काय?

साधी दोनशेपानी फुलस्केप वही. एका माणसाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर आवडी, उजव्या पानावर त्या माणसाबद्दल इतरांना माहीत नसलेल्या गोष्टी. वर नाव, तारीख आणि त्या दिवशीचं वय.

ही वंशावळ नाही. आमच्या घराण्याची वंशावळ एका चुलत आजोबांनी फार कष्टाने तयार केलेली आहे. कोण कुणाचा मुलगा आणि कुणाला किती अपत्यं, हे तीत सापडतं. त्यातल्या एकाही माणसाला काय खायला आवडायचं, कशाची भीती वाटायची, कुठलं गाणं लागलं की तो हातातलं काम थांबवायचा, हे तीत नाही. शिवाय बायकांची नावं तीत अलीकडच्या दोन पिढ्यांपासूनच आहेत.

वही सुरू करावी असं का वाटलं?

आजी गेली तेव्हा तिच्या दहाव्याला आम्ही संगम माहुलीच्या घाटावर होतो. पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण खाली एकही येईना. अर्धा तास गेला. थोरले काका हात जोडून म्हणाले, "धाकट्याचं लग्न वेळेत करू, काळजी करू नकोस." आत्याने शेताच्या वाटणीचा शब्द दिला. कावळा हलला नाही. मग गुरुजींनी विचारलं, "त्यांच्या आवडीचं काही ठेवलंय का?"

घाटावर आम्ही चाळीसेक माणसं होतो. सगळी तिच्या हातचं खाऊन वाढलेली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने आई म्हणाली, "त्यांना शिळी भाकरी आवडायची, दुधात कुस्करून." तेवढंच सांगता आलं. शिळी भाकरी कुणी आणलेली नव्हती. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

संध्याकाळी आजीची धाकटी बहीण ओट्यावर बसली होती. तिच्या कानावर हे गेलं आणि ती म्हणाली, "अक्काला शिळी भाकरी कुठली आवडतेय? माहेरी तव्यावरची पहिली भाकरी तिची असायची. टम्म फुगली की पापुद्रा काढायचा, आत तेल आणि मीठ. ती खाल्ल्याशिवाय आईला दुसरी भाकरी थापू द्यायची नाही."

सासरी आल्यावर पहिली भाकरी सासऱ्यांच्या ताटात गेली, मग दिरांच्या, मग आजोबांच्या, मग मुलांच्या. पंगत उठून तिची पाळी येईपर्यंत उरलेली भाकरी गार झालेली असायची, आणि त्यातूनही उरायची ती सकाळी दुधात. पन्नास वर्षं ती उरलेलं खात होती आणि आम्ही तेच तिची आवड म्हणून लक्षात ठेवलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात वही आणली आणि पहिलं पान आईचं लिहिलं.

म्हणजे हे शाळेतलं स्लॅम बुकच ना?

नातं जवळचं आहे. दहावीच्या निरोप समारंभाच्या सुमारास वर्गभर फिरणारी ती रंगीत पानांची वही आमच्या पिढीने मनापासून भरली. आवडता रंग, आवडता हिरो, आवडती मैत्रीण, आयुष्यातला लाजिरवाणा क्षण. तिला उथळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पंधराव्या वर्षी कुणीतरी तुमच्यासमोर कोरं पान ठेवतं आणि तुमची आवड विचारतं, ही लहान गोष्ट नाही. कित्येक मुलींना त्याआधी असं कुणी विचारलेलंच नसतं.

ही पद्धत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांत अशा छापील वह्या असत. पाहुणे आले की त्यांच्यापुढे ती वही ठेवायची. कार्ल मार्क्सच्या मुलींनी १८६५ मध्ये बापाला असे प्रश्न विचारले होते. आवडता रंग? लाल. आवडता पदार्थ? मासे. आवडता नायक? स्पार्टाकस आणि केप्लर. आवडता उद्योग? पुस्तकांत डोकं खुपसून बसणं. आवडती नावं? लॉरा आणि जेनी, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या पोरींचीच. मला त्या पानातलं हे शेवटचं उत्तर सगळ्यात आवडतं. त्याच्या जाडजूड ग्रंथांत हा बाप भेटत नाही.

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त पंधराच्या आसपासचा असताना त्याने एका मैत्रिणीची वही भरली आणि पुढे विशीच्या सुमारास आणखी एकदा अशीच प्रश्नावली भरली. आवडता पक्षी कोणता, याला त्याचं उत्तर होतं पाकोळी. त्याच्या नावावरूनच ही प्रश्नावली आज ओळखली जाते, पण प्रश्न त्याचे नाहीत, उत्तरं त्याची आहेत. ती पहिली वही २००३ मध्ये लिलावात एक लाख युरोंहून जास्त किमतीला गेली.

आपल्याकडे कुणी अशी वही भरल्याचं उदाहरण आहे का?

आहे. ते मला सापडलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. वैद्यकीय शिक्षणासाठी समुद्र ओलांडून आलेल्या, नवरा सोबत नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्या राहिल्या. त्यांना त्या मावशी मानत. त्या काळी अमेरिकेतही अशा प्रश्नांच्या छापील वह्या होत्या, 'मेंटल फोटोग्राफ' म्हणजे मनाचं छायाचित्र या नावाच्या. कॉलेज सुरू होण्याआधी, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आनंदीबाईंनी कार्पेंटरबाईंच्या घरातली ती वही भरली. कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनला निघालं, त्यात ती उत्तरं छापलेली आहेत.

आवडता रंग पांढरा. फूल गुलाब. झाड आंबा. सुगंध जाई-मोगऱ्याच्या जातीतला. निसर्गातली आवडती गोष्ट डोंगर. आवडत्या कवयित्री मुक्ताबाई आणि जनाबाई. गद्य लेखकांत गोल्डस्मिथ, मेकॉले, अ‍ॅडिसन यांच्या रांगेत आपले चिपळूणकर शास्त्री, जे जेमतेम दीड वर्षापूर्वी वारले होते. हाताशी असावं असं पुस्तक भगवद्गीता.

घराच्या अंगणात आंब्याचं झाड नाही आणि आजूबाजूला जनाबाई हे नाव ऐकलेलं एकही माणूस नाही, अशा ठिकाणी बसून एक मुलगी हे लिहिते आहे. परक्यांनी विचारलं म्हणून तिने आपलं घर त्या पानावर मांडलं.

आवडत्या नावांच्या ओळीत तिने रमा, तारा, विष्णू, कृष्ण यांच्याबरोबर गोपाळ हे नाव लिहिलं आहे. गोपाळराव तिचे पती. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात लपेटून घ्यायचं, असा तो काळ. गोपाळ हे देवाचंही नाव आहे, त्यामुळे तिच्या मनात नेमकं कोण होतं हे मी ठामपणे सांगणार नाही. पण ते नाव तिथे आहे.

पुढे प्रश्न येतो: तुम्ही तुम्ही नसता, तर कोण व्हायला आवडलं असतं? ती लिहिते, कुणीही नाही. तिटकारा कशाचा? गुलामगिरी आणि परावलंबन. तुमचं वेगळेपण कशात आहे? यावर तिचं उत्तर: ते मला अजून सापडलेलं नाही.

तिला सापडायला वेळ फार थोडा मिळाला. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेली, बाविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. तिच्याबद्दल शाळेत आपण शिकतो ते पहिली स्त्री डॉक्टर म्हणून. तिला पांढरा रंग आवडायचा हे कार्पेंटरबाईंच्या घरी ती वही होती म्हणून आपल्याला कळतं.

आई म्हणते, "मला सगळंच आवडतं." आता काय लिहू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. याचं कारण आईत नाही, आपल्या प्रश्नात आहे. "तुला काय आवडतं?" असं विचारलं की तिच्या डोक्यात घरातल्या माणसांची यादी फिरते: ह्यांना हे चालतं, धाकटीला ते चालत नाही. त्या हिशेबातून जे उरतं ते 'सगळंच'.

आवड विचारू नका, प्रसंग विचारा. आपल्याच रीतिरिवाजात असे प्रसंग आहेत, जिथे बाईला तिची आवड विचारलेली असते.

पहिला म्हणजे डोहाळे. "माझ्या वेळी तुला कसले डोहाळे लागले होते?" हे विचारून पाहा. आयुष्यभर 'सगळंच आवडतं' म्हणणाऱ्या बाया इथे थांबत नाहीत. एका मामींनी मला सांगितलं, त्यांना कुळथाचं पिठलं हवं असायचं आणि तेही चुलीवर थोडं लागलेलं. दुसऱ्या एकींना ओल्या भिंतीचा वास. सासूबाईंनी रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी ओटा पाण्याने सारवला होता, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबद्दल त्यांनी एरवी कधी चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसरा म्हणजे काशीयात्रा. काशीला जाऊन आवडीची एक वस्तू सोडायची रीत आहे. "तू काशीला काय सोडलंस?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या माणसाची खरी आवड. आमच्या आत्याने सीताफळ सोडलं. तिला सीताफळ आवडतं हे आम्हाला ती सोडून आल्यावर कळलं.

तिसरं, माहेर. "माहेरी गेल्यावर पहिल्या दिवशी तुझी आई काय करायची?" हे विचारायला मी कधीच विसरत नाही. आजीच्या पहिल्या भाकरीने मला हा प्रश्न शिकवला.

आणि एक लक्षात ठेवा, समोरासमोर खुर्च्या टाकून वही उघडून बसू नका. हात कामात असू द्या. मेथी निवडताना, लसूण सोलताना, शेंगा फोडताना माणूस वेगळं बोलतो. जात्यावरच्या ओव्यांचं हेच तर होतं. पहाटेच्या अंधारात, दळणाच्या घरघरीत, बायकांनी जे एरवी कुणाला सांगता आलं नसतं ते ओवीत घातलं: भावाची ओढ, सासरचा जाच, लेकीची काळजी. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. इतकं बोलायचं होतं त्यांना. जातं गेलं, आता निदान मेथीची जुडी आहे.

नेमके कोणते प्रश्न विचारावेत?

पन्नास प्रश्नांची ठरलेली यादी करू नका. यादी समोर आली की माणूस फॉर्म भरल्यासारखा बोलतो. माझ्या वहीत वर सांगितलेल्या तीन प्रश्नांखेरीज साधारण एवढे असतात: शाळेत कुठल्या बाकावर बसायचात, आणि शेजारी कोण? पहिल्या कमाईचं काय केलंत? कुठला वास आला की थबकता? घरातला कुठला कोपरा तुमचा आहे? कुठलं भांडं दुसऱ्याला वापरू देत नाही? भांड्याचा प्रश्न गंमत म्हणून विचारला होता, पण त्याची उत्तरं फार चांगली येतात. रुखवतातला पितळी डबा, आईने दिलेली लोखंडी कढई, मुलाच्या पहिल्या पगारातून आलेला कुकर. मग त्या भांड्यामागचं सगळं घर बाहेर येतं.

आवडता रंग, आवडता नट हे जरूर विचारा, पण तिथे थांबू नका. "का?" असंही विचारू नका, त्याने माणूस वकिलासमोर बसल्यासारखा होतो. "पहिल्यांदा कधी?" असं विचारा.

"कुणाला माहीत नसलेली गोष्ट" म्हणजे गुपित का?

नाही. बहुतेक वेळा ती लपवलेली नसते, कुणी विचारलेलीच नसते. सगळ्यात सोपी सुरुवात नावापासून करा.

आपल्याकडे एका माणसाला किती नावं असतात बघा. नक्षत्राच्या अक्षरावरून आलेलं पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव, घरातली हाक, आणि बाईच्या बाबतीत लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव. आनंदीबाई माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुना. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या दोघी माहेरच्या मनकर्णिका. इतक्या मोठ्या बायकांची नावं अशी बदलली, तिथे आपल्या पणज्यांचं काय. आमच्या वहीतल्या साठहून अधिक माणसांत एकोणीस बायका अशा आहेत, ज्यांचं माहेरचं पहिलं नाव त्यांच्या नातवंडांना मी विचारेपर्यंत माहीत नव्हतं. एक पंच्याऐंशी वर्षांच्या आजी आपलं जुनं नाव सांगून हसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हण बघू." मी म्हटलं. त्यांना त्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नव्हतं.

नावानंतर बाकीचं आपोआप येतं: अर्धवट सुटलेली शाळा, शिकलेली पण कुणासमोर न वाजवलेली पेटी, एकदाच केलेला एकट्याचा प्रवास.

बाबा, काका, आजोबा काहीच बोलत नाहीत. त्यांचं काय?

गाडीत शेजारी बसा, दोघांची नजर रस्त्यावर असू द्या. माझे सासरे सातारा ते पंढरपूर या एका प्रवासात जेवढं बोलले तेवढं तीस वर्षांत बोलले नव्हते. पुरुषांना आवडीचा पदार्थ विचारला तर ते बायकोच्या किंवा आईच्या हातचा काहीतरी सांगून मोकळे होतात. त्यांना पहिली सायकल विचारा, पहिला साहेब विचारा, हॉटेलात पहिल्यांदा काय खाल्लं ते विचारा.

उत्तरं बदलली तर? किंवा कुणी खोटं सांगितलं तर?

बदलणारच. म्हणून तारीख आणि वय लिहायचं. जुनं उत्तर खोडू नका, खाली नवं लिहा. आईने पहिल्या वर्षी आवडता रंग 'हिरवा' सांगितला. चार वर्षांनी म्हणाली, "हिरवा माझा कधीच नव्हता, सवाष्णीने नेसायचा म्हणून नेसले. मला राखाडी आवडतो." दोन्ही उत्तरं वहीत आहेत, आणि मला दोन्ही खरीच वाटतात.

जाणूनबुजून खोटं सांगितलेलं मला तरी आढळलं नाही. आठवणीतली साल-वारांची गडबड होते, ती मी दुरुस्त करत बसत नाही. मात्र शब्द त्यांचेच ठेवा. आजोबा "म्या म्हनलं" म्हणत असतील तर "मी म्हणालो" असं लिहू नका. बोली गेली की माणूस निम्मा गेला.

दुखरी गोष्ट बाहेर आली तर लिहायची का?

ज्याची गोष्ट त्याला विचारून. शेजारच्या एका काकूंना नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पत्र घरी आलं, ते भावाने लपवलं, आणि महिनाभरात त्यांचं लग्न झालं. पत्राबद्दल त्यांना वीस वर्षांनी कळलं. त्यांनी मला हे सांगितलं, लिहायलाही सांगितलं, पण भाऊ हयात आहे तोवर कुणाला दाखवू नकोस म्हणाल्या. ते पान मी मधोमध दुमडून टाचून ठेवलं आहे.

कुणी रडलं तर वही मिटा. पाणी द्या, बसून राहा. पुढचा प्रश्न त्या दिवशी विचारू नका.

लहान मुलांचंही पान करावं का?

हो, दर वाढदिवसाला. प्रश्न दरवर्षी तेच ठेवा आणि उत्तर दुरुस्त करू नका. भाचीने पाचव्या वर्षी आवडता वास 'पेट्रोल' सांगितला, सहाव्या वर्षी 'आजीची साडी'. आजी मधल्या वर्षात गेली होती.

आम्ही परदेशात असतो. फोनवर जमेल का?

जमतं. फक्त व्हिडिओ कॉलवर घरातली सगळी माणसं गोळा असताना विचारू नका, आजी मग सगळ्यांच्या वतीने बोलते. दुपारी ती एकटी असते तेव्हा नुसता आवाजाचा फोन करा आणि तिच्या परवानगीने बोलणं रेकॉर्ड करा. तिकडे वाढलेल्या नातवंडांना डोहाळे, रुखवत, अढी हे शब्द समजावून सांगावे लागतात, तेही आजीलाच सांगू द्या. त्या समजावण्यात निम्मी वही भरते.

हे सगळं मोबाईलवर सगळ्यांना दिसेल असं टाकलं तर?

माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, लाडक्या कुत्र्याचं नाव, आवडते शिक्षक. पासवर्ड विसरला तर ओळख पटवण्यासाठी हेच प्रश्न विचारलेले असतात. 'माझ्याबद्दल पंचवीस गोष्टी' अशा याद्या उत्साहाने भरून माणसं ही उत्तरं अनोळखी लोकांच्या हाती देतात. ज्येष्ठांची माहिती तर आणखी जपायला हवी, फसवणारे त्यांनाच आधी गाठतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आजीने मेथी निवडताना तुम्हाला सांगितलं, ते तुम्हाला सांगितलं.

वही कुठली, पेन कुठलं?

शिवणीची वही घ्या, स्प्रिंगची पानं निघतात. साधं बॉलपेन चालतं, शाईचं पेन पाण्याने पसरतं. वर्षातून एकदा सगळ्या पानांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या एका माणसाकडे ठेवायला द्या.

तुमचं स्वतःचं पान दाखवाल का?

इतरांना विचारते तर मलाही सांगायला हवं. मात्र वर लिहिलं तेच स्वतःला लावून पाळण्यातलं नाव आणि शाळा गाळते.

आवडता वास: मे महिन्यात अढी उघडल्यावर येणारा, आंब्याचा आणि पेंढ्याचा मिळून. आवडता रंग: तेरड्याच्या फुलाचा गुलाबी. आवडती भाजी शेपू, तीही मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घातलेली. घरात मी सोडून ती कुणी खात नाही, म्हणून वर्षानुवर्षं केलीच नव्हती. वही सुरू झाल्यापासून महिन्यातून एकदा करते. आवडती जागा: वाईला ढोल्या गणपतीसमोरच्या घाटाच्या पायऱ्या, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वर चढून आलेलं असताना. आवडता आवाज: पहाटे पाचला शेजारच्या घरात पेटणारा स्टोव्ह, जो आता ऐकू येत नाही.

उजव्या पानावर: दहावीला मी गणितात नापास झाले होते आणि ऑक्टोबरला बसून सुटले. मुलांना हे वही वाचून कळलं. जिना चढताना पायऱ्या मोजते, लहानपणापासून. लग्नाआधी दोन वर्षं कीर्तनात साथीला झांजा वाजवल्या आहेत. विहिरीत वाकून बघायची मला अजूनही भीती वाटते, आणि ती का वाटते हे पानावर लिहिलं आहे, इथे नाही.

आमची आजी आता नाही. उशीर झाला का?

पान करा. तिच्या आवडी तिला ओळखणाऱ्यांकडे विखुरलेल्या असतात: बहिणी, नणंदा, जुनी शेजारीण, वाण्याच्या दुकानातला म्हातारा, बांगड्या भरायला येणारी कासारीण. प्रत्येकाकडे एखादी ओळ निघते. श्राद्धाच्या स्वयंपाकात 'त्यांना आवडायचं' म्हणून काय करतात ते विचारा, आणि ते खरंच आवडायचं का, हे तिच्या माहेरच्या माणसाकडून ताडून घ्या.

माझ्या आजीच्या पानावर सात वर्षांत अकरा ओळी झाल्या आहेत. तव्यावरची पहिली भाकरी, पापुद्र्याखाली तेल आणि मीठ. माहेरचं नाव चंद्रभागा. बांगड्या नेहमी जांभळ्या मागायची, कासारीण म्हणाली, पण भरायची हिरव्याच. पोहता येत होतं, नदीच्या या काठावरून त्या काठावर. तिला पोहता येतं हे आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं, असं तिची बहीण सांगते. ती बहीण आता एक्क्याण्णव वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, पण सकाळी दहाच्या सुमारास बोलायला बसते. आजीच्या लग्नाआधीच्या वर्षाबद्दल तिला काहीतरी सांगायचं आहे, असा निरोप आला आहे. रविवारी पहिल्या एसटीने निघणार आहे.